टपालाच्या कारभाऱ्याची निवड

संगणकावरून धाडलेलें पत्र क्षणार्धांत परगांवीं पोंचतें. परंतु तें पोंचवितें कोण, याचा विचार फार थोडे लोक करतात. हें काम मेल सर्व्हर नांवाच्या प्रोग्रामाचें होय. एखाद्या शाळेनें आपल्या लिनक्स संगणकावर स्वतःचें टपाल चालवावयाचें ठरविलें, तर त्यासाठीं कोणता प्रोग्राम निवडावा?

प्रथम कामाची वांटणी पाहूं. एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे पत्र नेणारा प्रोग्राम वेगळा आणि आलेलें पत्र पेटींतून मालकास दाखविणारा वेगळा. पहिल्याची भाषा एसएमटीपी. तिचे नियम जॉन पोस्टेल यांनीं १९८२ सालीं लिहिले. दुसऱ्या कामास टिमो सिराइनेन यांचा डव्हकॉट चांगला. खरा प्रश्न पहिल्या कामाचा आहे.

या क्षेत्रांत जुना व मान्यवर प्रोग्राम म्हणजे बर्कली येथील एरिक ऑलमन यांचा सेंडमेल. परंतु त्याची मांडणी क्लिष्ट. २ नोव्हेंबर १९८८ रोजीं इंटरनेटवर जो प्रसिद्ध मॉरिस वर्म पसरला, त्याच्या शिरकावाच्या वाटांपैकीं एक वाट सेंडमेलमधून होती. चांचणीसाठीं ठेवलेली एक सोय अनेक ठिकाणीं उघडीच राहिली होती.

पुढील लेखकांनीं यावरून बोध घेतला. डॅनियल बर्नस्टाइन यांचा क्यूमेल व आयबीएमच्या संशोधनशाळेंत वित्से व्हेनेमा यांनीं रचून १९९८ सालीं प्रसिद्ध केलेला पोस्टफिक्स, या दोहोंत काम अनेक लहान प्रोग्रामांत वांटलें असून प्रत्येकास जरूर तेवढाच अधिकार दिला आहे. घरांतील सर्व किल्ल्या एकाच नोकराच्या हातीं देऊं नयेत, हेंच तें शहाणपण. मात्र क्यूमेलची मूळ लेखकाची शेवटची आवृत्ति १९९८ ची. पुढील दुरुस्त्या इतरांनीं केलेल्या आहेत.

केंब्रिज विद्यापीठांत फिलिप हेझल यांनीं १९९५ सालीं आरंभिलेला एक्झिम हा हवे तसे नियम घालूं देणारा, पण एकसंध प्रोग्राम आहे. २०१९ सालीं त्यांत असा दोष आढळला, कीं परक्यास संगणकाचा सर्वाधिकार मिळावा. परंतु त्याच वर्षीं आधीं निघालेली नवी आवृत्ति ज्यांनीं बसविली होती, ते त्यांतून वांचले. अर्थात् निवडीइतकीच निगाही महत्त्वाची.

लहान संस्थेस माझ्या मतें पोस्टफिक्स व डव्हकॉट ही जोडी योग्य. तथापि तीन गोष्टी पाळाव्या. परक्यांचीं पत्रें परक्यांकडे नेण्याची मुभा आपल्या सर्व्हरनें कोणासही देऊं नये. आपल्या नांवावर कोणी खोटें पत्र धाडल्यास तें ओळखतां यावें, म्हणून एसपीएफ व डीकेआयएम यांची नोंद करावी. दुरुस्त्या वेळच्या वेळीं बसवाव्या. पहिल्या गोष्टीची हेळसांड झाली, तर ठकांचीं पत्रें आपल्या दारांतून जातील, आपला पत्ता काळ्या यादींत पडेल आणि परीक्षेच्या तारखेचें पत्र पालकांस पोंचणारच नाहीं. दोष ठकांचा, पण शिक्षा निरपराध मुलांस!

म्हणून पालकांनींही ध्यानांत ठेवावें, कीं हें काम रोज पाहणारा जाणता मनुष्य नसेल, तर स्वतःचा सर्व्हर न मांडतां तें दुसऱ्या विश्वासू संस्थेकडे सोंपविणें बरें. दुसऱ्याचें पत्र ही ठेव आहे. आणि ठेव सांभाळणाऱ्याच्या अंगीं चातुर्याआधीं विश्वासूपणा असावा लागतो.