निळं पिल्लू पिवळं का पडतंय?

प्रश्न : ‘मिक्स आफ्रिकन सिक्लिड’ म्हणून माशांची सहा पिल्लं आणली. सगळी निळी, अंगावर काळपट उभे पट्टे. त्यातलं एक आता पिवळं पडतंय. आजारी आहे का?

उत्तर : ते खातंय, पोहतंय, तर घाबरू नका. वर्णनावरून ही मलावी सरोवरातली ‘केन्यी’ जात वाटते. तिची सगळी पिल्लं निळीच असतात. वयात येताना नर पिवळा होतो, मादी निळीच राहते. मलावीतल्या बऱ्याच सिक्लिडांत नर निळा असतो, म्हणून इथे भलेभले फसतात. पिवळ्या ‘यलो लॅब’ जातीशी गल्लत होऊ नये म्हणून पाठीवरचा पर पाहा : लॅबच्या परावर ठळक काळी पट्टी असते, केन्यी नराच्या अंगावर पुसट उभे पट्टे उरतात.

तरीही नुसत्या वर्णनावरून खात्री देणार नाही. मिक्स टाकीत संकर सर्रास होतात, त्यामुळे पुढची पिल्लं कुणाला ‘शुद्ध’ म्हणून देऊ नका. आणि केन्यी नर फार भांडखोर. दोन नर निघाले तर एकाला वेळीच दुसरीकडे हलवा, दगडांच्या कपारी भरपूर ठेवा. छोट्या टाकीत माद्यांचे फार हाल होतात.