खड्ड्यांची रांग जराशी चुकली की हाड तयार होतं?

प्रश्न : दाताचं इम्प्लांट बसवताना डॉक्टर म्हणाले, स्क्रू मुद्दाम खडबडीत केलेला असतो, म्हणजे हाड त्याला चांगलं धरतं. पण खडबडीत काय आणि गुळगुळीत काय, हे पेशीला कसं कळणार? नुसत्या पृष्ठभागामुळे मूलपेशीची हाडाची पेशी होते असंही वाचलं. ते खरं आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : हो, खरं आहे. माझ्या मते त्याचा सगळ्यांत स्वच्छ पुरावा ग्लासगो विद्यापीठातल्या प्रयोगाने दिला. मॅथ्यू डाल्बी आणि सहकाऱ्यांनी तो २००७ मध्ये प्रसिद्ध केला. इलेक्ट्रॉनच्या झोताने साचा कोरायचा आणि त्याचा ठसा अ‍ॅक्रिलिक प्लास्टिकवर उमटवायचा, अशी त्यांची पद्धत. प्रत्येक खड्डा १२० नॅनोमीटर रुंद, १०० नॅनोमीटर खोल, आणि शेजारचा खड्डा मध्यापासून मध्यापर्यंत ३०० नॅनोमीटरवर. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे अडीचशे खड्डे ओळीने सहज मावतील. एका तुकड्यावर ते काटेकोर चौकोनी रांगांमध्ये होते. दुसऱ्यावर त्याच रांगांमधला प्रत्येक खड्डा फार तर ५० नॅनोमीटर इकडेतिकडे सरकवलेला. आणखी एकावर सगळे कसेही विखुरलेले.

या तुकड्यांवर माणसाच्या अस्थिमज्जेतल्या मूलपेशी वाढवल्या. एरवी अशा पेशींना हाडाकडे वळवायचं तर डेक्सामेथासोनसारखी रसायनं द्यावी लागतात. इथे ती दिली नव्हती. तरीही जराशा चुकलेल्या रांगांवर पेशींनी हाडाची प्रथिनं बनवली, खनिजाच्या गाठी धरल्या, आणि तेही रसायनं दिलेल्या पेशींच्या तोडीनं. काटेकोर रांगांवर असं घडलं नाही, पूर्ण विस्कळीत खड्ड्यांवरही नाही. प्लास्टिक तेच, खड्डे तेवढेच; बदल फक्त मांडणीत. हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा मी थक्क झालो होतो, आजही होतो. पुढे २०११ मध्ये त्याच गटाने दाखवलं, की काटेकोर चौकोनी रांगांवर याच पेशी आठ आठवडे मूलपेशीच राहतात. मूलपेशी प्रयोगशाळेत मूळ अवस्थेत टिकवणं हीच मोठी अडचण असते, त्यामुळे मला हा दुसरा निकाल पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो.

आता पेशीला हे कळतं कसं? तिच्या आवरणात इंटिग्रिन नावाची प्रथिनं असतात. त्यांचं टोक जेमतेम १० नॅनोमीटरचं. ही प्रथिनं पुरेशी जवळजवळ, साधारण ७० नॅनोमीटरच्या आत, चिकटली तरच पकड पक्की होते. लांब पडली तर सुटते. म्हणजे खड्डा कुठे आहे यावर पकड कुठे आणि किती लांब वाढेल हे ठरतं. पकड मोठी झाली की पेशी पसरते, आतले अ‍ॅक्टिनचे धागे मांडवाच्या दोरांसारखे ताणले जातात आणि तो ताण थेट केंद्रकापर्यंत पोचतो. कोणती जनुकं चालू राहतील यावर त्याचा परिणाम होतो.

आकाराची ताकद अमेरिकेत ख्रिस्तोफर चेन यांच्या गटाने २००४ मध्ये वेगळ्या रीतीने दाखवली होती. मूलपेशींना चिकटायला फक्त ठरावीक मापाचे ठिपके दिले, पोषकद्रव एकच ठेवला. लहान ठिपक्यावर गोल राहिलेल्या पेशी चरबीकडे वळल्या, मोठ्या ठिपक्यावर पसरलेल्या हाडाकडे. ताण निर्माण करणारी यंत्रणाच दाबून टाकली की कल चरबीकडे गेला.

सगळंच इतकं सरळ नाही. टायटॅनियम ऑक्साइडच्या सूक्ष्म नळ्यांवर जर्मनीतल्या एर्लांगेनच्या गटाला १५ नॅनोमीटरच्या नळ्या उत्तम वाटल्या. १०० नॅनोमीटरवर पेशी मरत होत्या. दोन वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोच्या गटाला मात्र ७० ते १०० नॅनोमीटरवर पेशी लांबट होऊन हाडाकडे वळताना दिसल्या. नळीचा व्यास बदलताना तिची रासायनिक घडण, स्फटिकरूप, पाणी धरण्याची क्षमता हेही बदलू शकतं, म्हणून असे निकाल एकमेकांशी ताडणं कठीण जातं. ग्लासगोचा प्रयोग मला जास्त पटतो तो याचमुळे.

तुमच्या स्क्रूचं म्हणाल तर त्याचा खडबडीतपणा बहुधा वाळूसारख्या कणांचा मारा आणि आम्लाचा धुवा यांतून येतो. तो मुख्यतः मायक्रोमीटरच्या, म्हणजे नॅनोमीटरच्या हजारपट मोठ्या मापाचा असतो. त्याने हाडाची पकड सुधारते, हे रुग्णांमध्ये दिसलेलं आहे. पण जबड्यात स्क्रू शिरताच काही क्षणांत त्यावर रक्तातल्या प्रथिनांचा थर बसतो आणि पेशी त्या थराला भेटते, कोऱ्या धातूला नाही. म्हणून प्रयोगशाळेतल्या तुकड्यावर जे दिसलं ते तोंडात तसंच घडेल असं धरून चालू नका, आणि जाहिरातीत ‘नॅनो’ शब्द दिसला म्हणून जादा पैसे मोजू नका. जबड्याचं हाड पुरेसं आहे का, स्क्रू पहिल्याच दिवशी घट्ट बसला का, मधुमेह आटोक्यात आहे का, हे डॉक्टरांना विचारा. सिगारेट ओढत असाल तर ती आधी सोडा. इम्प्लांट निकामी होण्याचा धोका तिने नक्की वाढतो.