डोळा लाल, तपासणी रक्ताची

श्रीरामपुरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. डोळ्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आलेला माणूस हमखास विचारतो, "ताई, दुखतोय डोळा, मग रक्त कशाला?" धाकट्या भावाला युव्हायटिस झाला तेव्हा हाच प्रश्न आमच्या घरातही आला. लॅबमध्ये आणि घरात मिळून जे शिकले ते इथे लिहिते. मी डॉक्टर नाही, औषधोपचार तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे.

१. आधी डोळा, मग रक्त.

डोळ्यातला रंगीत पडदा आणि त्याला जोडून आत पसरलेला रक्तवाहिन्यांचा थर सुजला की त्याला युव्हायटिस म्हणतात. डोळा लाल होतो, आतून ठणकतो, उजेड सोसत नाही, नजर धुरकट होते. आपल्याकडे लाल डोळा दिसला की 'डोळे आलेत' म्हणून सोडून देतात. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ होती, तेव्हा तर कुणी दुसरा विचारच करत नव्हतं. साथीच्या डोळ्यात पाणी आणि चिकटा येतो, सकाळी पापण्या चिकटतात. युव्हायटिसमध्ये चिकटा सहसा नसतो, दुखणं मात्र खोल असतं.

आपल्या ऊसपट्ट्यात आणखी एक धोका आहे. उसाचं पातं डोळ्याला चाटून जातं आणि बुबुळावर बुरशीची जखम होते. तीही लालच दिसते. मेडिकलमधून स्वतःच आणलेले स्टेरॉइडचे थेंब अशा जखमेत घातले तर डोळा जाऊ शकतो. युव्हायटिसमध्ये तेच थेंब डोळा वाचवतात. हा फरक रक्तातून कळत नाही. स्लिट लॅम्पच्या यंत्रावर डोळा पाहिल्यावरच कळतो, आणि कोणतं रक्त तपासायचं तेही बऱ्याच अंशी तिथेच ठरतं.

२. डॉक्टर कमरेचं विचारतील, तर नीट सांगा.

भावाला डॉक्टरांनी विचारलं, "सकाळी उठताना कंबर आखडते का?" आखडायची, आणि दिवस वर आला, हालचाल झाली की मोकळी व्हायची. घरात सगळे ट्रॅक्टरला दोष देत होते. पण कामाने दुखावलेली कंबर विश्रांतीने बरी वाटते, याची विश्रांतीनेच जास्त धरायची. एवढ्या बोलण्यावरून डॉक्टरांनी चिठ्ठीवर एचएलए-बी२७ लिहिलं.

तोंडात वारंवार फोड येतात का, अंगावर चट्टे आहेत का, शौचातून रक्त जातं का, जुना खोकला आहे का, घरात कुणाला टीबी झाला होता का, हे सगळं डोळ्याच्या डॉक्टरांना हवं असतं. घरूनच कागदावर लिहून न्या. ओपीडीच्या गर्दीत आठवत नाही.

३. एचएलए-बी२७ आयुष्यात एकदाच.

ही जनुकीय खूण आहे, ती बदलत नाही. तरीही दर वेळी डोळा लाल झाला की ती पुन्हा करून घेणारे लोक मी पाहते, आणि ही तपासणी स्वस्त नाही. जुना रिपोर्ट जपून ठेवा. उपाशीपोटी यायचीही गरज नसते.

कंबर आणि मणक्याच्या अँकायलोजिंग स्पाँडिलायटिसशी या खुणेचं नातं १९७३ मध्ये समोर आलं, डोळ्याच्या पुढच्या भागाच्या सुजेशीही त्याच वर्षी. पण खूण असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीच होत नाही. भावाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, म्हणून वहिनीने मुलांचंही रक्त काढायला सांगितलं. मी काढलं नाही. तक्रार नसलेल्या मुलाच्या फाईलला असा शिक्का कशाला लावायचा? भावाला मात्र संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं, एमआरआय झाला आणि कमरेचा आजारही वेळेत सापडला. डोळ्यामुळे कंबर वाचली असं मी म्हणते.

४. टीबीच्या तपासणीला टीबीचा निकाल समजू नका.

आपल्या देशात डोळ्याच्या आतल्या सुजेमागे टीबी असू शकतो हे डॉक्टर कायम लक्षात ठेवतात. छातीचा एक्स-रे, हातावरची माँटू आणि क्वांटिफेरॉन या त्याच्या तपासण्या. क्वांटिफेरॉनचं रक्त नाजूक असतं. चार वेगळ्या नळ्या, प्रत्येकीत एक मिलिलिटर, नळी दहा वेळा हलवायची, आणि सोळा तासांच्या आत ३७ अंशांच्या उबेत ठेवायची. म्हणून नमुना पुण्याला जाणार असेल तर गाडी केव्हा निघते हे आम्ही आधी बघतो. शनिवारी संध्याकाळी कुणी आलं तर मी सरळ सोमवारी यायला सांगते. लोक रागावतात, पण खराब झालेल्या नमुन्याचा रिपोर्ट त्यांच्याच मुळावर येतो.

पॉझिटिव्ह आला म्हणजे शरीराची टीबीच्या जंतूशी कधीतरी गाठ पडली आहे, इतकंच. तो झोपलेला आहे की जागा, आणि डोळ्यातली सूज त्याचीच का, हे रक्त सांगत नाही. डोळ्याचं चित्र, छातीचा फोटो आणि घरातला इतिहास एकत्र ठेवून डॉक्टर ठरवतात. रिपोर्ट हातात पडताच टीबीच्या गोळ्या सुरू करायच्या नाहीत, आणि डॉक्टरांनी सुरू केल्या तर मध्येच सोडायच्या नाहीत.

५. व्हीडीआरएल आणि एचआयव्ही पाहून मान खाली घालू नका.

हे मला सगळ्यात तळमळीने सांगायचं आहे. गाव लहान, लॅबमध्ये ओळखीची माणसं, आणि चिठ्ठीवर ही नावं. कुणी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवतो आणि म्हणतो, "ताई, हे दोन सोडून बाकीचं करा." एखाद्या घरी सासूच्या हाती चिठ्ठी लागते आणि सुनेला दिवसभर ऐकून घ्यावं लागतं.

सिफिलिस डोळ्यात कोणत्याही आजाराचं सोंग घेऊन येतो, म्हणून वयस्कर आजींनाही आणि नवविवाहित मुलीलाही त्याची व्हीडीआरएल ही तपासणी लिहिली जाते. ती कुणाच्या चारित्र्यावरचा शेरा नाही. सापडला तर पेनिसिलिनने बरा होतो. न सापडता वर स्टेरॉइड दिलं गेलं तर नजर जाऊ शकते. जुन्या सिफिलिसमध्ये व्हीडीआरएल निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून डॉक्टर टीपीएचए ही सिफिलिसचीच दुसरी तपासणी सोबत मागतात. त्यातली एक गाळून पैसे वाचवू नका.

एचआयव्हीसाठी तुमची संमती लागते आणि रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो. २०१७ चा कायदाच तसा आहे. सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी केंद्रात ही तपासणी मोफत होते, आधी समुपदेशनही मिळतं. लॅबमध्ये कुणी चारचौघांत नाव घेऊन विचारलं तर तिथेच हटका.

६. शेतातला जुना ताप विसरू नका.

१९९३ च्या पुरानंतर, १९९४ मध्ये मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात युव्हायटिसचे रुग्ण अचानक वाढले. कारण निघालं लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदीर आणि जनावरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा ताप. उसात उंदीर असतातच, आणि पाणी भरताना माणूस अनवाणी चिखलात उभा असतो. ताप बरा होतो आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी डोळा सुजतो. तोवर ताप कुणाच्या लक्षात राहत नाही. त्या तापाचा महिना सांगितलात तरच डॉक्टर ती तपासणी लिहितील. नेहमीच्या यादीत ती नसते.

७. पॅकेज घेऊ नका.

आमचा धंदा तपासण्यांचा आहे, तरी सांगते. एका डोळ्याला, पहिल्यांदाच, पुढच्या भागात सौम्य सूज असेल तर पुष्कळदा डॉक्टर थेंबांवर भागवतात. सूज पुन्हा पुन्हा आली, दोन्ही डोळ्यांत आली किंवा मागच्या पडद्यापर्यंत गेली की शोध वाढतो. आरए फॅक्टर बरेच जण स्वतःहून करायला सांगतात, पण युव्हायटिसचं कारण शोधायला त्याचा फारसा उपयोग नाही. टॉक्सोप्लाझ्मा आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे कधीतरी संसर्ग झाला होता, तो आत्ताचाच असेल असं नाही. सार्कॉइड या आजारासाठी एसीईची तपासणी लिहिली असेल तर बीपीच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत ते सांगा. रॅमिप्रिल, एनालाप्रिलसारख्या गोळ्यांनी हा आकडा खाली येतो.

८. स्टेरॉइडच्या गोळ्यांआधी साखर बघा.

गोळ्यांनी साखर आणि बीपी वाढतं, झोपलेला टीबी उठू शकतो. गोळ्या सुरू झाल्यावर पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या तर घाबरू नका, स्टेरॉइडनेही त्या वाढतात. गोळी चालू असल्याचं रक्त देताना सांगत जा.

९. सगळं नॉर्मल आलं तर पैसे पाण्यात गेले नाहीत.

बऱ्याच रुग्णांत कारण सापडतच नाही. पण टीबी नाही, सिफिलिस नाही, हे कळल्यामुळेच डॉक्टर निर्धास्तपणे स्टेरॉइड देऊ शकतात. नॉर्मल रिपोर्ट फेकून देऊ नका, तारखेप्रमाणे फाईलला लावा. नगरला गेलात, लोणीला गेलात की पुण्याला, तीच फाईल पुढच्या डॉक्टरांसमोर ठेवा.

१०. लहान मुलाचा डोळा लाल होण्याची वाट पाहू नका.

लहान मुलांच्या एका संधिवातात गुडघा सुजतो आणि डोळा आतून सुजत जातो, पण वरून पांढराशुभ्र दिसतो. मूल काही बोलत नाही. अशा मुलाची एएनए ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली तर डोळ्याला धोका जास्त, म्हणून डॉक्टर सांगतील तेवढ्या महिन्यांनी स्लिट लॅम्पवर डोळे तपासून घ्यावेच लागतात, तक्रार असो वा नसो.

११. उपचार चालू झाल्यावरही रक्त द्यावं लागतं.

युव्हायटिससाठी मेथोट्रेक्सेट दिली असेल, तर ती आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी आहे. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. ती चालू असेपर्यंत यकृताची आणि पेशींची तपासणी चुकवू नका. टीबीच्या उपचारातलं इथॅम्ब्युटॉल डोळ्याच्या नसेला इजा करू शकतं. ते घेत असताना लाल-हिरवा रंग फिका दिसू लागला किंवा नजर कमी वाटली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.