कार्बाइडचा दिवा : ओळख आणि दुरुस्ती

कार्बाइड म्हटलं की आपल्याला आधी पिवळेधमक आंबे आठवतात आणि मग फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमधलं गॅस वेल्डिंग. पण याच दगडावर एकेकाळी सायकली आणि मोटारसायकली रात्रीचा रस्ता शोधत होत्या, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं. जुन्या बाजारात किंवा कुणाच्या तरी माळ्यावर असा दिवा अजूनही सापडतो. भंगारवाल्याच्या लेखी ते फक्त पितळ. तो वजन करतो, पैसे देतो आणि दिवा भट्टीत जातो. म्हणून निदान आपल्याला तरी तो ओळखता यावा, एवढ्यासाठी हा लेख.

थोडा इतिहास. थॉमस विल्सन हा गृहस्थ १८९२ साली अमेरिकेत विजेच्या भट्टीत अ‍ॅल्युमिनियम बनवायच्या खटपटीत होता. त्यासाठी कॅल्शियम हवं म्हणून त्याने चुना आणि डांबर तापवलं. हाती आला एक काळपट ठिसूळ दगड. तो पाण्यात टाकला तर गॅस सुटला आणि तो गॅस धूर काढत भडकून पेटला. तेच कॅल्शियम कार्बाइड आणि तोच अ‍ॅसिटिलीन. चार-पाच वर्षांतच सायकलचे दिवे बाजारात आले. बर्मिंगहॅम हे त्यांचं माहेरघर : जोसेफ ल्युकस, पॉवेल अँड हॅनमर, मिलर हे सगळे तिथलेच. अमेरिकेत केनोशा गावच्या बॅजर ब्रास कंपनीचे ‘सोलर’ दिवे नावाजलेले होते. पुढे बॅटरी आणि डायनॅमो आले आणि हे दिवे हळूहळू माळ्यावर गेले.

आता ओळख. नुसत्या नावावर जाऊ नका. ल्युकसचं ‘किंग ऑफ द रोड’ हे नाव आधी तेलाच्या दिव्यांवर होतं, नंतर गॅसच्याही आलं. तेलाच्या दिव्यात खाली तेलाची डबी आणि वात असते. कार्बाइडच्या दिव्यात दोन कप्पे असतात. वर पाणी, खाली कार्बाइड, आणि वरच्या बाजूला एक छोटी फिरकी. ती फिरवली की आतली सुई उचलते आणि पाणी थेंबथेंब खाली पडतं. आत बघितलं तर वातीच्या जागी इंग्रजी वाय अक्षरासारखा पांढरट बर्नर दिसेल. तो शंखजिऱ्याच्या दगडाचा असतो. दोन बाजूंनी दोन बारीक झोत एकमेकांवर आदळतात आणि माशाच्या शेपटीसारखी चपटी ज्योत तयार होते. ही नुसती शोभा नाही. अ‍ॅसिटिलीनच्या वजनात ९२ टक्के कार्बन असतो, त्यामुळे हवा नीट मिसळली नाही तर नुसती काजळी. बारीक झोताने हवा ओढली जाते आणि ज्योतीतले कार्बनचे कण पांढरेशुभ्र तापतात. उजेड त्या कणांचा.

सायकलच्या बऱ्याच दिव्यांना बाजूला रंगीत काचेचे खडे असतात, डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा, जहाजासारखे. मोटारसायकलच्या दिव्यात बहुधा गॅस तयार करायचं भांडं वेगळं आणि पुढचा दिवा वेगळा, मध्ये रबरी नळी. ही जोडी फुटून विकली जाते, म्हणून नुसतं भांडं मिळालं तर ‘हे काय डबडं’ म्हणून सोडू नका.

नव्या नकलाही जुन्या म्हणून खपवल्या जातात. मी तीन गोष्टी बघतो. पहिली, स्क्रू. फुलीच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकात आला, तेव्हा १९१० चा म्हणून सांगितलेल्या दिव्यात तो असेल तर शंका घ्यायची. दुसरी, आटे. इंग्रजी दिव्यांच्या छोट्या स्क्रूंना बहुतेक वेळा बी.ए. आटे असतात. त्यांचा कोन साडेसत्तेचाळीस अंश, मेट्रिकचा साठ. टू बी.ए.चा व्यास ४.७ मिमी आणि पिच ०.८१ मिमी, एम-फाइव्हचा पिच ०.८. म्हणजे एम-फाइव्ह जरासा गेल्यासारखा वाटतो आणि मग आतले आटे खाऊन टाकतो. जबरदस्ती करायची नाही. तिसरी, मुलामा. जुना मुलामा निकेलचा, किंचित पिवळसर झाक असलेला. निळसर चकाकणारा क्रोम १९२० च्या दशकाच्या शेवटी बाजारात आला. क्रोम दिसला तर दिवा त्यानंतरचा, किंवा कुणीतरी ‘नवा’ केलेला.

आता दुरुस्ती. पहिलं काम मोकळ्या हवेत : खालचा कप्पा उघडणे. आत जुनं कार्बाइड शिल्लक असू शकतं. अ‍ॅसिटिलीन हवेत अडीच टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात मिसळला तरी पेट घेतो. एलपीजीची मर्यादा साधारण दोन ते साडेनऊ टक्के आहे, यावरून अंदाज घ्या. आत घट्ट बसलेला पांढरा थर म्हणजे विरलेला चुना, जो हवेतला कार्बन डायऑक्साइड खाऊन खडू झालेला असतो. लाकडी काडीने खरवडावा आणि उरलेल्याला पातळ व्हिनेगर लावावं. फसफसणं थांबलं की लगेच पाण्याने धुवावं. रात्रभर भिजत ठेवलं तर पितळेतलं जस्त विरघळतं आणि गुलाबी डाग पडतात. ते परत जात नाहीत.

पितळ चकाचक करायची आपल्याकडे फार हौस. चिंच लावून, भांड्यांची पावडर लावून घासायचं की झालं. निकेलचा उरलासुरला मुलामा त्यातच जातो. अमोनिया असलेलं पॉलिश तर आणखी वाईट. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली जात आणि त्यांना आपोआप भेगा पडत. घोड्यांच्या मुताचा अमोनिया आणि पितळात दाबून राहिलेला ताण, असं त्याचं कारण १९२१ साली उलगडलं. दिव्याचं अंगही पत्रा दाबूनच बनवलेलं असतं, त्यात तोच ताण. मटेरियल सायन्सच्या पेपरात ‘सीझन क्रॅकिंग’ची दोन मार्कांची टीप पाठ करतो ती हीच! साबणाचं कोमट पाणी आणि मऊ फडकं पुरे. आतला परावर्तक तर कापसाखेरीज कशानेही पुसू नये.

दिवा चालत नसेल तर दोष बहुधा तीन ठिकाणी. पाण्याच्या टाकीच्या झाकणाला बारीक भोक असतं, ते बुजलं की वर निर्वात होतं आणि थेंब पडत नाही. सुई चुन्याने अडकलेली असते. आणि बर्नरची भोकं काजळीने बंद असतात. विजेच्या वायरमधली एक बारीक तार हलक्या हाताने फिरवावी, टाचणी घातली तर दगडाचा टवका उडतो. दोन कप्प्यांमधला रबराचा वायसर कडक झालेला असतोच. योग्य जाडीच्या रबरशीटचा नवा कापावा. मग बर्नर काढून त्या जागी नळी लावायची, तोंडाने हलकेच फुंकायचं आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे बघायचे. कॉम्प्रेसर नको. या दिव्यात दाब जेमतेम काही इंच पाण्याचा असतो.

सांधा गळत असेल तर शिशाकथलाचा डाग द्यावा, तोही भांडं पाण्याने भरून, रिकामं करून, हवा खेळवून झाल्यावरच. गॅसच्या वाटेत तांब्याची नळी किंवा चांदीचा डाग कधीही नको. अ‍ॅसिटिलीन तांबं आणि चांदीशी मिळून असे क्षार बनवतो जे नुसत्या धक्क्याने फुटतात. गॅसच्या लाइनीत ७० टक्क्यांपेक्षा जास्त तांब्याचा मिश्रधातू वापरू नये, असा नियम त्यासाठीच आहे. पोचा काढायचा असेल तर पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिरासारखा हात नाही, फक्त ‘चकचकीत करू नका’ हे दोनदा सांगावं लागतं.

पेटवायचा की नाही? माझं मत, एकदा पेटवून बघावा, पण बाहेर, वर्कशॉपच्या सरांसमोर, डोळ्यांवर चष्मा लावून. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात कार्बाइडच्या बंदुकांनी कितीतरी मुलांचे डोळे गेले किंवा जखमी झाले, दगड तोच. कप्पा निम्म्याहून कमी भरावा, कारण चुना फुगतो. १०० ग्रॅम कार्बाइडपासून साधारण ३० लिटर गॅस मिळतो. तासाला १४ लिटरचा बर्नर असेल तर दोन तास. त्यातून सुमारे २०० किलोज्युल उष्णता बाहेर पडते, म्हणून भांडं हाताला चटका देतं. आधी थोडा गॅस बाहेर जाऊ द्यावा, आतली हवा निघाली की मगच काडी लावावी.

विझवताना पाणी बंद केलं तरी ओलं कार्बाइड गॅस सोडतच राहतं. ज्योत स्वतःहून मरेपर्यंत दिवा बाहेरच ठेवावा, खोलीत नेऊ नये. उरलेला चिखल बेसिनमध्ये ओतायचा नाही. उघड्या बादलीत भरपूर पाणी घालून दिवसभर अंगणात राहू द्यावा आणि बुडबुडे पूर्ण थांबले की मगच टाकावा. हॉस्टेलच्या बाथरूममध्ये तर अजिबात नाही!