वर तेल आहे, मग बरणी बाहेर ठेवू का?

प्रश्न : घरचा गावरान कांदा आणि मुलीने पुण्याहून आणलेलं बेकन परतून तिखट-गोड चटणी केली. वर बोटभर तेल आहे. लोणच्यासारखी बाहेर टिकेल ना?
– एक वाचक, पाबळ

उत्तर : ताई, नाही टिकणार. लोणचं टिकतं ते मुख्यतः मीठ आणि आंबटपणामुळे. तेल फक्त हवा अडवतं. तुमच्या चटणीत ओलावा भरपूर, आंबटपणा कमी. बॉट्युलिझमचे जंतू नेमके बिनहवेच्या जागीच वाढतात, आणि त्यांचं विष वासावरून कळेलच असं नाही. चमचाभर व्हिनेगरनेही भागत नाही.

पण चटणी जरूर करा. बेकन थंड तव्यावर ठेवून मंद आचेवर चरबी सुटू द्या, त्यातच कांदा अर्धा-पाऊण तास परता. किलोभर कांदा आटून जेमतेम पाव किलो उरतो, तेव्हा घाई नको. शेवटी गूळ आणि व्हिनेगर घाला. मीठ चाखूनच, कारण बेकन आधीच खारट असतं. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, आठवड्यात संपवा. उरलेली लहान डब्यांतून फ्रीझरमध्ये.

बाहेरच टिकवायची असेल तर कोरडी सुकट-खोबऱ्याची चटणी करा आणि कांदा खाताना चिरून घाला. आधीची बरणी रात्रभर बाहेर राहिली असेल, तर न चाखता टाकून द्या.