दत्तजयंतीचं तोरण, बिनपिनेचं

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष पौर्णिमेला सायंकाळी दत्तजन्म होतो. त्याआधी सात दिवस ज्या घरी गुरुचरित्राचं पारायण बसतं, त्या घराच्या दाराला तोरण हवंच. हल्ली मात्र तोरण दोनच प्रकारचं दिसतं. एक बाजारातलं प्लास्टिकचं आणि दुसरं घरी केलेलं, पण स्टेपलरनं टाचलेलं. पहिल्याबद्दल सगळ्यांना कळतं, लिहायला नको. मला बोलायचं आहे ते दुसऱ्याबद्दल, कारण ते श्रद्धेनं केलेलं असतं आणि त्रास मुक्या जनावराला होतो.

उत्सव झाला की तोरण उतरतं आणि उकिरड्यावर जातं. तिथं गाय येते. गाय आपल्यासारखी निवडून, चावून खात नाही. जिभेनं ओढते, गिळते आणि रवंथ मागाहून करते. पानाबरोबर गेलेली तार किंवा पीन पोटाच्या जाळीदार कप्प्यात जाऊन बसते. हा कप्पा काळजाच्या जवळ, मध्ये फक्त पडदा. छोटी पीन एखादवेळी शेणावाटे निघूनही जाईल, पण तोरण बांधायला जी बारीक तार वापरतात ती तशी सुटत नाही. ती आरपार टोचत गेली की गाय चारा सोडते, दूध आटतं आणि कधी कधी जीवही जातो. जनावरांचे डॉक्टर यासाठी पोटात लोहचुंबकसुद्धा सोडतात. दत्तमहाराजांच्या तसबिरीत मागं कोण उभं असतं, ते वाचकांना सांगायला नको.

माझी सगळी नोकरी बँकेत गेली. पूर्वी नोटांच्या गड्ड्यांना जाड पिना मारायचे. २००१ साली रिझर्व्ह बँकेनं ते बंद करून कागदी पट्टी लावायला सांगितली. नोटेला जी सवलत मिळाली, ती गाईला द्यायला काय हरकत आहे?

आता कृती. तीन फुटांच्या चौकटीला २१ पानं बरोबर बसतात. पान साधारण दोन इंच रुंद असतं, म्हणजे एकावर एक थोडं चढतं आणि फट दिसत नाही. पाच फूट सुतळीला (तागाची, नायलॉनची नव्हे) दोन्ही टोकांना बांधायला फूटभर मोकळी जागा ठेवून उरलेला मधला भाग भरावा.

पानं तोडताना घाई नको. हा महिना आंब्याला मोहोर धरण्याच्या तोंडावरचा, आणि मोहोर फांदीच्या शेंड्यातूनच येतो. शेंडा मोडला की त्या फांदीचा आंबा गेला. म्हणून खालची, गडद हिरवी, जून पानं एकेक करून देठासकट खुडावीत आणि एकाच फांदीवर हात न चालवता चार फांद्यांवरून घ्यावीत. शेजाऱ्याचं झाड असेल तर आधी विचारावं, हे वेगळं सांगायला नको. उंबराचं पान मात्र आमच्या घरी तोडत नाही. जिथं महाराजांचा वास, तिथं कात्री कशाला?

आदल्या रात्री पानं पुसून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावीत. सकाळी देठाकडची बाजू सुतळीवरून मागं दुमडायची आणि दोन्ही पदरांतून हीर घालायचा, पत्रावळ टाचतात तसा. हीर नारळाच्या झावळीचे घ्यावेत, दोन-दोन इंचांचे तुकडे, टोक तिरकं कापलेलं. वापरलेल्या खराट्याचे नकोत. ज्यांच्या बोटांना कंप आहे त्यांनी नातवंडाला हीर द्यायला बसवावं. २१ पानांना अर्धा तास पुरतो, आणि तेवढ्यात पोराला दोन गोष्टी सांगूनही होतात.

झेंडूची माळ वेगळी, सुती दोऱ्यात. फूल दोन इंचांचं धरलं तर तीन फुटांना १८ फुलं. आडवी ओवावीत. (झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा, तिथंही मृतांच्या सणाला हाच लागतो. आणि आपल्या मार्गशीर्षाच्याच सुमारास ख्रिस्ती घरांच्या दारावर सदाहरित फांद्यांचं गोल चक्र लावतात. थंडीत हिरवं पान दाराशी असावं, हे सगळ्यांनाच वाटतं.) माळ पानांच्या दुमडीवर बसवावी म्हणजे हीर झाकले जातात. चौकटीला हळदीकुंकू लावावं. आपल्या केममध्ये कुंकवाला काय तोटा!

तोरण सकाळीच बांधावं. आंब्याचं पान जाड, त्यामुळे संध्याकाळी पाळण्याच्या वेळेपर्यंत टवटवीत राहतं, झेंडूवर मात्र दुपारी एकदा पाणी शिंपडावं. दुसऱ्या दिवशी उतरवून पानं-फुलं परसातल्या खड्ड्यात टाकून वर माती लोटावी. बाजारच्या फुलांवर औषध मारलेलं असू शकतं, म्हणून ती गाईपुढं टाकू नयेत. सुतळी झटकून गुंडाळून ठेवली तर गुढीपाडव्यालाही चालते.