आधी हात मोज, मग ऑर्डर दे

थांब. अजून ऑर्डर देऊ नकोस. तू पाठवलेली यादी मी काल रात्री दोनदा वाचली. बॉडीचा रंग ठरलाय, पिकगार्ड ठरलंय, पिकअप कुठले तेही ठरलंय. नेकपुढे मात्र नुसतं ‘जॅझ बेस नेक’ एवढंच लिहून मोकळी झालीस. अगं, जिथे सगळ्यात जास्त विचार करायचा, तिथेच तू एका ओळीत उरकलंस. म्हणून हे लिहायला बसले. फोनवर आपलं बोलणं भरकटतं, मग आई मध्येच फोन घेते आणि बेस राहतो बाजूला.

आधी एक गोष्ट. ‘सुटे भाग मागवून स्वतः जोडला की स्वस्त पडतो’ असं तू बाबांना सांगितलंयस. तसं सांगू नकोस, ते खरं ठरणार नाही. बॉडी, नेक, पिकअप, ब्रिज, चाव्या, त्यावर परदेशातून आणायचं भाडं, कस्टम्स आणि वर हत्यारं. या सगळ्याची बेरीज केलीस तर तेवढ्यात दुकानातला चांगला तयार बेस येतो. पुढे कधी विकायला काढलास, तर भागांना घातलेले पैसेही सुटत नाहीत. घेणाऱ्याला हेडस्टॉकवर ओळखीचं नाव हवं असतं. (ते नाव स्टिकर आणून चिकटवायचा विचारसुद्धा करू नकोस. ज्याचं काम, त्याचंच नाव.) बाबांना खरं कारण सांग: तुझ्या हाताला बसेल असा बेस तुला तयार मिळत नाहीये. ते कारण पुरेसं आहे. मीही त्यांच्याशी बोलेन.

आता तो हात. उसन्या बेसवर तासभर वाजवलं की मनगट ठणकतं म्हणालीस, आणि बँडमधलं कुणीतरी म्हणालं की हे वाद्य मुलींच्या हाताचं नाही. हे वाक्य मीही ऐकलंय, आणि फार दिवस मनात धरून बसले होते. तू बसू नकोस. कॅरल के मूळची गिटारवादक. १९६३ च्या सुमाराला हॉलिवूडमधल्या एका रेकॉर्डिंगला बेसवादक आलाच नाही, म्हणून तिच्या हातात बेस दिला गेला. पुढे अमेरिकेतली किती गाणी तिच्या बेसवर उभी राहिली! तिच्या हातातला फेंडर प्रिसिजन पूर्ण ३४ इंची होता, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत तार ३४ इंच. तेव्हा प्रश्न मुलगी-मुलगा हा नाहीच, प्रश्न मापाचा आहे, आणि माप मोजता येतं.

असं कर. एक जाड पुठ्ठा घे आणि त्यावर नेकच्या लांबीची रेघ मार. ३४ इंची बेसवर नटपासून पहिला फ्रेट साधारण ४८ मिलिमीटरवर येतो, आणि पहिल्या ते चौथ्या फ्रेटचं अंतर होतं जवळपास १३ सेंटिमीटर. ३० इंचीवर तेच अंतर साडेअकराच्या आत येतं. दोन्ही खुणा पुठ्ठ्यावर कर, चार बोटं चार फ्रेटांवर ठेव आणि मनगट सरळ राहतं का बघ. ओढाताण न होता बसलं तर ३४ घे. नसेल बसत तर ३० इंची घे, त्यात कमीपणा काही नाही. मात्र तेव्हा नेक आणि बॉडी दोन्ही ३० इंची मापावरच कापलेल्या हव्यात. ३४ च्या बॉडीवर ३० चा नेक चढवलास, तर ब्रिज चुकीच्या जागी पडतो आणि एकही सूर जागेवर येत नाही.

दुसरं माप नटपाशी नेक किती रुंद आहे त्याचं. जुन्या प्रिसिजनचा नेक तिथे ४४ मिलिमीटरच्या आसपास असायचा, जॅझ बेसचा ३८. सहा मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाहीत, पण ई तारेवर बोट नेताना तेवढ्यानेच जीव हलका होतो. तू जॅझचा नेक निवडलायस ते चांगलंच केलंस. पण तो अरुंद आहे म्हणून निवडलास की फोटोत सुंदर दिसला म्हणून, ते मला सांग. नेकची जाडी, मागची गोलाई, फ्रेट केवढे, हे सगळं ऑर्डरच्या पानावर निवडायचं असतं. तिथे काहीच न निवडता पुढे गेलीस, तर येईल ते तुझ्या हाताचं असेलच असं नाही.

आणि हे सगळं सुटं मागवता येतं कशामुळे, माहितेय? लिओ फेंडर नावाचा कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५१ मध्ये त्याने प्रिसिजन बेस बाजारात आणला. फ्रेट असल्यामुळे सूर नेमका लागतो, म्हणून ते नाव. पण मला त्याची मोठी गोष्ट वाटते ती वेगळीच: नेक बॉडीला सरसाने चिकटवायचा नाही, चार स्क्रूंनी आवळायचा. बिघडला तर काढा, दुसरा लावा. रेडिओतला व्हॉल्व्ह बदलावा तसा. त्या चार स्क्रूंमुळेच आज अमेरिकेत वॉर्मथसारख्या कंपन्या नुसते नेक आणि बॉडी कापून विकतात, आणि तू रत्नागिरीत बसून यादी करू शकतेस.

रत्नागिरीवरून आठवलं. तुझ्या बेसचा खरा शत्रू हवा आहे, बयो. मी पुण्यात राहून हैराण होते, तू तर समुद्राकाठी. लाकूड पावसाळ्यात पाणी पितं आणि उन्हाळ्यात सोडतं, आणि त्याबरोबर नेक वाकतो. माझ्या बेसच्या तारा दर जुलैत फ्रेटपासून वर उचलल्यासारख्या होतात. एका एप्रिलमध्ये लाकूड इतकं आक्रसलं की फ्रेटांची टोकं कडेने बोटाला बोचायला लागली. म्हणून पैसे घालायचे तर इथे घाल: भट्टीत भाजलेलं मेपल, ज्याला ते रोस्टेड म्हणतात, त्याचा नेक घे. भाजल्यामुळे त्यातला ओलावा उडालेला असतो आणि पुढेही ते हवेला कमी दाद देतं. ते परवडत नसेल तर साधं मेपल चालेल, पण पक्कं फिनिश चढवूनच मागव. कोरं मेपल कोकणात आणून ‘नंतर पॉलिश करीन’ म्हणू नकोस. चाव्यांचे आणि ब्रिजचे स्क्रू, सॅडल जिथे मिळतील तिथे स्टेनलेस स्टीलचे घे, खाऱ्या हवेत बाकीचे गंजून जाम होतात.

फिंगरबोर्डाला तू रोजवुड लिहिलंयस. ते बहुतेक भारतीय रोजवुड असेल, म्हणजे आपलं शिसवी. आजीच्या कपाटाचं असतं ना, तेच. सह्याद्रीत वाढणारं झाड परदेशात जाऊन, फ्रेट ठोकून घेऊन परत कोकणात येणार, मला याचं फार अप्रूप वाटतं. २०१७ मध्ये या जातीच्या सगळ्या झाडांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले होते. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यं आणि वाद्यांचे तयार भाग त्यातून वगळले गेले. तरी बिलावर लाकडाचं नाव स्पष्ट लिहून घे.

बॉडीच्या लाकडावर लोक रात्र रात्र वाद घालतात. तू त्यात पडू नकोस. माझं मत विचारशील तर ठोस बॉडीच्या विजेच्या बेसमध्ये आवाज ठरवतात तारा, पिकअप आणि ते पिकअप ब्रिजपासून किती लांब आहेत हे. बॉडीकडून मला एकच हवं असतं: हलकी असावी. तुझी पाठ अजून पन्नास वर्षं चालायचीय. ऑर्डर देण्यापूर्वी बॉडीचं वजन विचार, चांगले विक्रेते सांगतात. पण फार हलकी बॉडी आणि वर जड चाव्या घेतल्यास, तर पट्टा खांद्यावर असताना डावा हात सोडला की नेक जमिनीकडे झुकतो. मग डावा हात सूर धरायचा सोडून वाद्य उचलत बसतो. तुझं मनगट ठणकतं त्याचं निम्मं कारण तेच असणार. हलक्या वजनाच्या चाव्या मिळतात, त्या घे. फक्त त्यांच्या भोकाचा व्यास नेकवरच्या भोकांशी जुळतो का ते मिलिमीटरमध्ये लिहून ताडून बघ. मी बघितलं नव्हतं. माझ्या चाव्या भोकात डुगडुगल्या आणि त्या बसवायला कड्या मिळेपर्यंत दोन महिने नेक कपाटावर पडून होता.

आता जोडणी. सगळं आलं की लगेच स्क्रू ड्रायव्हर उचलायचा नाही. नेक खाचेत बसव, क्लॅम्पने हलकेच धर, आणि दोन्ही कडेच्या चाव्यांपासून ब्रिजपर्यंत शिवणाचे दोन दोरे ताण. ते दोरे नेकच्या दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर गेले, तरच ब्रिजची जागा बरोबर. ३४ इंची असेल तर नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत १७ इंच भरले पाहिजेत आणि तिथून सॅडलपर्यंत पुन्हा १७, वर थोडी मागेपुढे सरकायला जागा. हे तीनदा मोज. सुतारकाकांना बोलाव आणि त्यांच्या डोळ्यानेही बघून घे. त्यांनी गिटार कधी पाहिली नसेल, पण रेषा सरळ आहे की नाही ते त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

मेपल किती कठीण असतं याची कल्पना येत नाही. माझ्या चावीचा इवलासा स्क्रू मी भोक न पाडताच दाबून फिरवला आणि त्याचं डोकं तुटून हातात आलं. उरलेला तुकडा लाकडात. त्या रात्री मी खरंच रडले. तुझ्यावर ती वेळ येऊ नये म्हणून सांगते: प्रत्येक स्क्रूला आधी बारीक भोक पाड, ड्रिलच्या पात्याला चिकटपट्टी गुंडाळून खोली ठरवून घे, आणि स्क्रूला मेण लाव. मेणबत्तीचं चालतं. आणि नेकच्या त्या चार स्क्रूंचं बघ: बॉडीतून ते सैल, विनाअडथळा गेले पाहिजेत, आटे फक्त नेकच्या लाकडात धरले पाहिजेत. दोन्हीकडे धरले तर कितीही आवळ, मध्ये केसाएवढी फट राहते.

वायरिंगला घाबरू नकोस. जॅझ बेसमध्ये असतं काय? दोन पिकअप, २५० के चे तीन पॉट, ०.०४७ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर आणि एक जॅक. तुझ्या दहावीच्या प्रयोगापेक्षा फार अवघड नाही. पुढच्या वेळी पुण्यात आलीस की तपकीर गल्लीत जाऊ, चांगलं सोल्डरिंग आयर्न घेऊन देते. आधी जुन्या वायरींवर हात बसव. ब्रिजखालून ग्राउंडची वायर घ्यायला मात्र विसरू नकोस, ती राहिली तर तारांना हात लावला तरी गुणगुण कमी होत नाही आणि आपण उगीच पिकअपला दोष देत बसतो. दोन पिकअप एकमेकांच्या उलट वेटोळ्यांचे असतील, तर दोन्ही पूर्ण उघडल्यावर पिकअपची स्वतःची गुणगुण आपोआप मिटते. म्हणून ते जोडीनेच मागव, एक इथून एक तिथून नको.

तू फ्रेटलेसबद्दलही विचारलं होतंस. मला कळतं ते. इतकी वर्षं गाणं शिकलीस, मींड घ्यायला बोट शिवशिवत असेल. बेसवादक जॅको पास्टोरियसने म्हणे त्याच्या १९६२ च्या जॅझ बेसचे फ्रेट काढून टाकले, खाचा बुजवल्या आणि वर बोटींना लावतात ते इपॉक्सी चढवलं. त्याच्या बोटाखाली तो बेस माणसासारखा गायचा. पण पहिला बेस फ्रेटांचाच कर. जोडणीतली चूक आणि बोटातली चूक वेगळी ओळखता आली पाहिजे, आणि फ्रेट नसतील तर ते कळत नाही. स्क्रू चारच आहेत, दोन वर्षांनी फ्रेटलेस नेक मागव आणि याच बॉडीवर चढव.

बॉडी कोरी मागवून स्वतः रंगवणार असशील तर जून ते सप्टेंबर हात लावू नकोस. दमट हवेत लॅकर पांढुरकं पडतं. दिवाळीनंतरची कोरडी हवा बघ. तेलाचं फिनिश सोपं, कापडाने चोळायचं, दोन दिवस वाळू द्यायचं, परत चोळायचं. तेलाची फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस, ती आपोआप पेटू शकतात. पसरून बाहेर वाळव.

शेवटी तारा. ४५ ते १०५ चा साधा संच चढव आणि एक रात्र तशीच ठेव, नेकला ताण अंगवळणी पडू दे. मग पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून धर, मधे सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली ०.३ मिलिमीटरच्या आसपास फट हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड उजवीकडे, एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. सतराव्या फ्रेटवर ई तार साधारण २.४ मिलिमीटर उंच ठेवून बघ, जी तार दोनच्या जवळ. मग बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक ट्यूनरवर जुळव. दाबलेला चढा येत असेल तर सॅडल मागे घे, उतरता येत असेल तर पुढे. माझा पहिल्यांदा जुळला तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. ई तार छेडली आणि मांडीवरची बॉडी पोटापर्यंत थरथरली. ते तुला लवकर मिळावं असं मला फार वाटतं.

तर आज पुठ्ठा काप. चौथ्या फ्रेटवर करंगळी पोचते का, नुसतं तेवढं बघ आणि त्याचा फोटो पाठव, मनगट दिसेल असा. अकरापर्यंत मी जागी आहे.